बुवांच्या पापण्या

माझ्या नवऱ्याच्या मामांनी आयुष्यात कोणालाही शेवटचा शब्द बोलू दिलेला नाही. कोणालाही म्हणजे अगदी कोणालाही. कारखान्यातल्या साहेबाला नाही, बसच्या कंडक्टरला नाही, रेशनच्या दुकानदाराला नाही, आणि मामी शपथेवर सांगतात की लग्नात अंतरपाटापलीकडच्या भटजींनाही नाही. भटजी ‘सावधान’ म्हणाले तर हे अंतरपाटाआडून म्हणे, “आसंय, सावध आसंय, तुम्ही पुढे चला!” मी लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा साताऱ्याकडची साधी मुलगी होते. पहिल्याच भेटीत मामांनी मला विचारलं, “काय गो, सातारा मोठा की सिंधुदुर्ग?” मी नवी सून, म्हटलं दोन्ही मोठे. तर म्हणाले, “हरली! पहिल्या बारीत हरली!” मी काय खेळत होते हेच मला ठाऊक नव्हतं.

मग कळलं की मामा डबलबारीचे बुवा आहेत. ज्यांना डबलबारी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात, दोन्हीकडे पेटी, पखवाज, झांजा आणि मागे साथीला गाणारं कोरस. आधी एक बुवा गातो, मग दुसरा. अभंग आणि गवळण होईपर्यंत सगळं भक्तिभावाने चालतं. गजराला सुरुवात झाली की दोन्ही बुवा गाण्यातूनच एकमेकांची अशी काही उतरवतात की ऐकणाऱ्याची हसून पुरेवाट होते, आणि कोणी कोणावर रागवायचं नाही हा नियम. विक्रोळी, कांजूर, भांडुपच्या चाळी-इमारतींत सत्यनारायणाची पूजा असली की डबलबारी हवीच. मामा राहायला विक्रोळीला, आठवडाभर तिथल्या कारखान्यात फिटर आणि शनिवार-रविवार बुवा. निवृत्त झाल्यावर तर सातही दिवस बुवा. समोर बुवा नसला तरी त्यांचं अडत नसे, जो भेटेल त्याला ते समोरचा बुवा करून टाकत. एकदा बाजारात भाजीवाल्याने कोथिंबिरीची मरतुकडी जुडी पुढे केली, तर मामांनी तिथल्या तिथे सूर लावला, “चार काड्या बांधल्या दोरीनं, वजन वाढवलं पाण्यानं!” माणसं जमली. भाजीवाल्याने मूठभर हिरव्या मिरच्या पिशवीत फुकट टाकल्या आणि हात जोडून म्हणाला, काका, आता पुढे जा.

अशा या माणसाच्या डोळ्यांना गेल्या काही वर्षांत काय दृष्ट लागली कोण जाणे. पापण्यांच्या कडा लालभडक, सुजलेल्या, केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे पापुद्रे. सकाळी पापण्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असायच्या. मामा अंथरुणात आंधळ्यासारखे बसून आरोळी ठोकायचे, “माझे डोळे उघडा!” मामी आतून म्हणायच्या, “चाळीस वर्सा तां बघतंय, उघडणत नाय.” मग कोमट पाण्याचा तांब्या यायचा आणि डोळे उघडण्याचा कार्यक्रम पार पडायचा. दिवसभर चुरचुर, वाळू गेल्यासारखी टोचणी. मजल्यावरच्या लोकांनी ठरवून टाकलं की बुवांचे डोळे आलेत आणि ही साथ आहे. पखवाजवाला तर मामांकडे पाठ करून वाजवू लागला, नजरेतून रोग येईल म्हणून! यावर मामांनी काळा गॉगल घेतला. तो ते बारशाला, बाराव्याला, सत्यनारायणाला, सगळीकडे घालत. माझ्या चुलत नणंदेच्या लग्नाच्या फोटोत ते वधूच्या शेजारी असे उभे आहेत की तिच्या सासरच्यांनी हळूच विचारलं होतं, हे गृहस्थ नक्की काय करतात?

आता एवढा त्रास आहे तर माणसाने एखादा उपाय धरून ठेवावा की नाही? छे! मामांचा औषधाच्या बाबतीतला कायदा वेगळा. औषधाने झटपट उत्तर द्यायचं, नाहीतर उठायचं. एरंडेल लावलं, दोन दिवसांत हाकललं. गुलाबपाणी आलं आणि गेलं. धण्याचं पाणी, चहाच्या वापरलेल्या पुड्या, काकडीच्या चकत्या, कोणीतरी देवगडहून आणलेला मध, सगळ्यांना संधी मिळाली आणि सगळे पडले. डोळ्यांत मध घातला त्या दिवशी तर मामा गॅलरीत नाचत होते आणि शेजाऱ्यांना वाटलं नवीन गजर बसवतायत. औषधाच्या दुकानातून त्यांनी मनानेच एक ट्यूब आणली. तिने चार दिवस बरं वाटलं, म्हणून लगेच बंद केली. “जिंकलंय,” म्हणाले. पुढच्या आठवड्यात पापण्या पुन्हा टोमॅटोसारख्या.

एक उपाय मात्र सुरूच झाला नाही. माझी मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती. मामी एकदा मुलुंडला आल्या, मला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि कानात म्हणाल्या, “वायच दूध दे गो वाटीत. बाळंतणीच्या दुधान डोळे निवतत.” मी हसू की लाजू तेच मला कळेना. म्हटलं, मामी, मामांना विचारलंत का? मामींनी त्यांना फोनवर सांगितलं. मामांनी फोन ठेवला, पिशवी भरली आणि सरळ गावाला, कणकवलीला निघून गेले. चांगले आठ दिवस आले नाहीत. आल्यावरही कितीतरी दिवस माझ्याशी बोलताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून बोलायचे.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग कांजूरची ती डबलबारी झाली. समोर भांडुपचा एक तरुण बुवा होता, गळा गोड आणि जिभेला धार. मी मुलीला घेऊन पुढेच बसले होते. गजर सुरू झाला आणि त्याने पेटीवरून मान वर करून मामांच्या गॉगलकडे बोट दाखवलं:

“बुवांच्या डोळ्यांचा रंग लाल लाल,
कुठल्या देवाचा हा लागला गुलाल?”

कोणता गुलाल म्हणायचा होता ते सगळ्यांना कळलं. मामा माळकरी, दारूच्या थेंबाला शिवलेले नाहीत, तेही सगळ्यांना माहीत. त्यामुळेच मंडपात हशा पिकला. मामाही खूश झाले. असला टोला मिळाला की त्यांना हुरूपच येतो. उत्तर द्यायला त्यांनी झोकात गॉगल काढला, सूर धरला आणि वाट लागली! समोरून हॅलोजनचा उजेड, बाजूने धुपाचा धूर. डोळ्यांतून धारा लागल्या. रुमाल लावला, पुसलं, परत धारा. पेटीच्या पट्ट्या दिसेनात, सूर तुटला. कोरस थांबलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक बाई मोठ्याने म्हणाली, “अगो बाई, बुवा रडतत!”

बस्स. दुसऱ्या दिवशी घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत एकच बातमी, बुवा भर बारीत रडला. डबलबारीत बुवा हरला तर लोक विसरतात, पण रडलेला बुवा विसरत नाहीत. मामा ज्याला त्याला सांगत होते, “मी रडाक नाय! डोळ्यांतसून पाणी इला, मी रडाक नाय!” ते जितकं सांगत तितकं लोक मान हलवून “नाही हो बुवा, कोण म्हणतं” म्हणत, आणि तसल्या मान हलवण्याला उत्तर नसतं. चौथ्या-पाचव्या दिवशी मामांनी पेटी चादरीत गुंडाळली, माळ्यावर टाकली आणि म्हणाले, “आता मी पेटीक हात लावचंय नाय.” त्यानंतर त्यांनी बोलणंच सोडलं. ज्या माणसाने भटजीला सोडलं नाही, तो दूधवाल्यालाही काही बोलेना.

मला वाटलं मामी सुटकेचा निःश्वास टाकतील. चाळीस वर्षं त्या म्हणत होत्या की ही पेटी एकदा खाडीत बुडवा. बारी ऐकायला त्या जन्मात कधी गेल्या नव्हत्या. हे शनिवारी रात्री गायला बाहेर आणि त्या दोन पोरं घेऊन घरात, म्हणून त्यांचा पेटीवर सवतीसारखा राग. पण एका दुपारी त्यांचा मला फोन आला आणि नेहमीचा कडक आवाज कुठल्या कुठे गेला होता. “घरात आवाजच नाय गो,” म्हणाल्या. “माणूस आसा, पण घर सुना वाटता. तू कायतरी कर.” मला फार वाईट वाटलं. त्याच आठवड्यात मी घाटकोपरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावला आणि मामींच्या सोबतीने मामांना जवळजवळ धरूनच रिक्षात घातलं.

डॉक्टर तरुण बाई, शांत स्वभावाच्या. त्यांनी यंत्रातून मामांच्या पापण्या बराच वेळ बघितल्या आणि म्हणाल्या, “डोळे कोरडे पडलेत.” झालं! कित्येक दिवसांनी मामांना समोर बुवा मिळाला. “कोरडे?” ते गरजले, “धारा लागतत धारा! पाऊस पडता आणि तुम्ही म्हणतास दुष्काळ?” डॉक्टर हसल्या. त्यांनी कागदावर पापणी काढून दाखवली. पापणीच्या कडेला, केसांच्या मागे तेलाच्या बारीक ग्रंथींची रांग असते. ते तेल डोळ्यातल्या पाण्यावर पातळ थर धरतं, म्हणून पाणी टिकतं. मामांचं तेल घट्ट झालं होतं, डिसेंबरात बाटलीतलं खोबरेल थिजतं तसं, आणि ग्रंथींची तोंडं बंद पडली होती. थर नाही म्हणून पाणी चटकन सुकतं, सुकलं की डोळा चुरचुरतो, आणि चुरचुरला की घाबरून बदाबदा पाणी सोडतो. शिवाय डोक्यातला कोंडा पापण्यांच्या मुळांशीही होता. याला ब्लेफरायटिस म्हणतात, म्हणजे पापण्यांच्या कडांची जुनाट सूज. साथबीथ काही नाही, बघून तर मुळीच लागत नाही. (हे वाक्य मी पखवाजवाल्यासाठी डॉक्टरांकडून दोनदा म्हणवून घेतलं.)

उपाय ऐकून मामांचा चेहरा पडला. गरम पाण्यात बुडवून पिळलेलं स्वच्छ फडकं मिटलेल्या डोळ्यांवर दहा मिनिटं. सोसवेल इतकंच गरम, चटका बसायला नको. मग बोटाने अगदी हलकं दाबत वरची पापणी खाली आणि खालची वर, म्हणजे पातळ झालेलं तेल बाहेर येतं. मग कापसाच्या काडीने, पाणी घातलेल्या लहान मुलांच्या शांपूने केसांची मुळं पुसायची. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. सुरुवातीला थोडे दिवस मलम आणि सोबत थेंब. मामांनी विचारलं, “किती दिवसांत जातला?” डॉक्टर म्हणाल्या, “कायमचा जाईल असं मी सांगणार नाही काका. पण सांभाळलात तर त्रास देणार नाही. तुम्ही आरामात गाल, वाचाल.” मामा उठलेच. जो रोग हरत नाही त्याच्याशी हे खेळतील कशाला? तेव्हा कोपऱ्यातल्या स्टुलावरून मामी म्हणाल्या, “चाळीस वर्सा मी तुमका सांभाळलंय. तुम्ही सुधारलास? नाय ना? मगे ह्या पण सांभाळूया.” डॉक्टरांनी तोंडावर हात धरला. मामा परत खाली बसले.

मामांनी दोन दिवस स्वतः करून बघितलं. फिटरची बोटं ती, नटबोल्ट आवळल्यासारखी पापणी दाबायचे आणि स्वतःच ओरडायचे. फडकं ठेवलं की अर्ध्या मिनिटात वर करून बघायचे, बाहेर कोण आलं, टीव्हीवर काय लागलं, दहा मिनिटं झाली का. शेवटी मामींनी सूत्रं हातात घेतली. जुन्या सुती साडीचा तुकडा उकळून ठेवला, मामांना खुर्चीत बसवलं आणि हुकूम सोडला, “डोळे मिटा. हलू नका.” मामा डोळे मिटून भाषण करू लागले. जबडा हलला, फडकं घसरलं. “तोंड पण मिटा!” डोळेही बंद, तोंडही बंद! मामांच्या आयुष्यातली ही सर्वांत अवघड बारी असणार. मी त्या दिवशी तिथेच होते. ते खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते आणि मला त्यांची दयाही येत होती आणि हसूही.

आठवड्याभराने मी पुन्हा गेले तर बाहेर जिन्यातच काहीतरी ऐकू आलं. मामा नाकातून गुणगुणत होते. डोळे बंद, तोंड बंद, नाक तेवढं मोकळं, मग गाणं तिथून वाट काढून बाहेर आलं होतं. त्या एवढ्याशा आवाजाने मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! मला वाटलं मामी आता गप करणार. मामी फडक्यावर हात ठेवून उभ्या होत्या, म्हणाल्या, “ही गवळण नको. ती दुसरी म्हणा, यशोदेची.” मामांनी यशोदेची धरली आणि दुसऱ्या कडव्यात चुकले. मामींनी शब्द पुरवला. मी बघतच राहिले. ज्या बाईने एक बारी ऐकली नाही तिला कडवी पाठ कशी? तर म्हणाल्या, “ह्यांचो रियाज भिंतीपलीकडना आयकतंय चाळीस वर्सा. कान काय माळ्यावर ठेवू?” पुढच्या रविवारी पेटी माळ्यावरून खाली आली. कोणी उतरवली ते दोघंही सांगत नाहीत.

गुण हळूहळू आला. रोज बघणाऱ्याला कळत नव्हतं, मला कळत होतं, कारण मी पंधरवड्याने जायचे. आधी पापुद्रे गेले, मग सकाळची आरोळी बंद झाली, मग कडांचा लालपणा उतरला आणि मामांच्या डोळ्यांचा रंग घारा आहे हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी समजलं. मध्येच गावाला एका लग्नाला गेले, तिथे शेकबिक सगळं सोडलं, आणि परत आले ते पुन्हा लाल डोळे घेऊन. मी घाबरले. मामी मुळीच घाबरल्या नाहीत. पाणी तापत ठेवलं आणि दिवसभर त्यांची अशी खरडपट्टी काढली की पुन्हा मामांनी गावाला जाताना आधी फडकं भरलं आणि मग कपडे.

आणि मग कांजूरलाच पुन्हा बारी ठरली, समोर तोच भांडुपचा बुवा. मामी आल्या नाहीत. “मी दोन टायम आयकतंय, परत थंय कशाक येव?” म्हणाल्या. मी मंडपात पुन्हा मुलीला घेऊन पुढेच बसले. मामा गॉगल न लावता बसले. हॅलोजन तोच, धूर तोच. गजराला त्या पोराने गोड आवाजात विचारलंच, बुवा, आज रुमाल किती आणले? मामांनी हळूच पेटीचा भाता सोडला, कोरसकडे बघितलं आणि उघड्या, लख्ख डोळ्यांनी त्याच्याकडे बघत उचललं:

“पापणीच्या कडेला तेलाची घाणी,
घाणी पडली बंद म्हणून डोळ्याला पाणी!
माझं तेल सुकलं डोळ्यांत, तुझं सुकलं गळ्यात,
मला औषध गावलं घाटकोपरात, तू शोध पवईच्या तळ्यात!”

मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. मामांनी मग अख्खा ब्लेफरायटिस गजरात घातला, फडकं, शांपू, कोंडा, सगळं, आणि कोरसने “शेक बाबा शेक” असं काही झांजांवर धरलं की पखवाजवाला थेट मामांच्या तोंडासमोर येऊन वाजवू लागला. बारी संपल्यावर चारपाच माणसं मामांभोवती आपापल्या पापण्या खाली ओढून उभी होती. तो तरुण बुवाही आला, वाकून पाया पडला आणि हळू आवाजात म्हणाला, “बुवा, माझ्या आईचेपण डोळे असेच असतात हो. सकाळी उघडतच नाहीत. त्या डॉक्टरांचा पत्ता द्या ना.” मामांनी पत्ता दिला, वर त्याच्या पाठीत एक धपका घातला. घरी परतताना ते रिक्षात म्हणाले, “पोरगो बरो आसा. गळो पण बरो आसा. पण तेका सांगू नको.” मला त्या क्षणी मामांचा इतका अभिमान वाटला की मी उगाचच हसत सुटले.

गेल्या महिन्यात आम्ही तिघं पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी यंत्रातून बघितलं आणि म्हणाल्या, “छान! ग्रंथी मोकळ्या आहेत. आता रोज एकदाच शेकलंत तरी पुरे, सकाळी. संध्याकाळचं बंद केलंत तरी चालेल.” मामा “बरा” म्हणाले. मामीही “बरा” म्हणाल्या. रिक्षात दोघंही आपापल्या बाजूने बाहेर बघत होते, आणि एवढी चांगली बातमी मिळूनही दोघांपैकी कोणी खूश का नाही हे मला कळेना.

मी चहाला थांबले. दिवेलागणीला मामा आपणहून त्या खुर्चीत जाऊन बसले, हात मांडीवर ठेवले आणि स्वयंपाकघराच्या दिशेने, पण कोणाकडेही न बघता म्हणाले, “डॉक्टरनीन दोन टायम शेकूक सांगल्यान ना गो?”

मी तोंड उघडलं. मीच तर समोरच्या खुर्चीवर बसून ऐकलं होतं! पण आतून गॅस पेटल्याचा आवाज आला आणि मामी म्हणाल्या, “हो तर, दोन टायम. मी माझ्या कानान आयकलंय.”

मला एकदम भरून आलं. चाळीस वर्षं एकाने बाहेर गायलं आणि दुसरीने भिंतीआडून ऐकलं, आणि समोरासमोर बसायला या दोघांना पापण्या सुजाव्या लागल्या. मी उघडलेलं तोंड चहाच्या कपाला लावलं. मामांनी डोळे मिटून घेतले. मामी फडकं पिळून बाहेर आल्या, स्वतःच्या गालाला लावून त्याची ऊब बघितली, मामांच्या डोळ्यांवर अलगद ठेवलं आणि शेजारी स्टूल ओढून बसत विचारलं, “आज खयची गवळण म्हणतास?”